माझ्या नावावरची म्हैस

अण्णा, माझ्या नावावर एक म्हैस आहे, हे मला मागच्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मी परळीला शाळेवर आहे, केस पिकलेत. घर बांधायला कर्ज काढायचं, म्हणून गावच्या सोसायटीत बेबाकीचा, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा, दाखला मागायला गेले. सेक्रेटरीनं जुनं रजिस्टर उघडलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, म्हशीचं कर्ज भरायचं ऱ्हायलंय तुमचं." मी म्हटलं, मी जन्मात धार काढली नाही, माझी कुठली म्हैस? त्यानं पिवळा पडलेला अर्ज पुढं सरकवला. खाली सही माझी. खोटी असती तर भांडले तरी असते. पण ती माझीच होती, तेव्हा मी सहीखाली दोन टिंबं द्यायचे, तीसुद्धा होती.

मग आठवलं. दुष्काळाचं साल, दारात टँकर, मी भाकरी थापतेय आणि तुम्ही कागद घेऊन चुलीशी उकिडवे बसलाय. "सोसायटीची सभासद करतुय तुला. हितं सही कर, हितं, अन् हितं." मी पिठाच्या हातानं तीन सह्या ठोकल्या. बीएडला निघालेली मुलगी, एक ओळ वाचली नाही. आता वर्गात पोरांना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि सांगताना मला हसू येतं ते पोरांना कळत नाही.

साहेब म्हशी तपासायला आले तो दिवसही आठवला. कर्ज उचललेली घरं पाच आणि म्हैस एकच, तीही काकांची. साहेब एका घरी चहा घेईपर्यंत ती मागच्या बोळातून पुढच्या दावणीला. ओळखू येऊ नये म्हणून घरागणिक शिंगांना नवा रंग. आपलं घर चौथं. तुम्ही घाईनं लाल रंग फासला, तो खालच्या ओल्या निळ्यात मिसळून जांभळा झाला. चारा नजरेला पडत नव्हता अशा साली तिला त्या दिवशी दर घरी भिजवलेली पेंड मिळत होती. आपल्याकडची संपवली आणि साहेबांच्या देखत ती आपण होऊन पाचव्या घराकडं चालू लागली. साहेब म्हणाले, "ही म्हैस लई वळखीची वाटती हो." तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, समद्या एकाच आईच्या हायेत." मी माजघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. ती म्हैस माझ्या नावावर आहे हे ठाऊक असतं तर एवढी हसले नसते.

त्याच रजिस्टरात दिसलं, त्या पैशातून तुम्ही स्वतःची जुनी बाकी फेडलीत, कारण थकबाकीदाराला संचालकाच्या निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं. माझ्या डोक्यावर कर्ज चढवून तुम्ही बेबाक झालात आणि फेटा बांधून प्रचाराला निघालात. राग आला, अण्णा. सोसायटीच्या पायरीवर बसून मी तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या, लोक थांबून ऐकत होते.

आणि पडलात तेही एका मतानं! "गद्दार घरातलाच हाय," म्हणत तुम्ही सरळ काकांवर संशय घेतलात. ज्यांची म्हैस तुमच्यासाठी गावभर फिरली, त्यांच्याशीच मरेपर्यंत बोलला नाहीत. दोन्ही घरांमधल्या दारात विटा रचल्यात. तरी तिरडीला पहिला खांदा काकांनीच दिला.

परवा पैसे भरायला तेच सोबत आले. आता काठी टेकत चालतात. पावती घेऊन बाहेर पडलो तेव्हा म्हणाले, "बाई, तुझ्या बापालाच मत दिलतं म्या. त्याला काय पटलं न्हाई." मी म्हटलं, "मला माहीत आहे, काका." ते थांबले. "तुला कसं ठावं?" मी रिक्षाला हात केला.

तुमची बाकी मी फेडली, दाखला मिळाला. पण काकांचा तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. उद्या गावाकडं जाऊन त्यांना उत्तर देणार आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहितेय. धाडायचं कुठं, म्हणून दाखल्याच्या फायलीतच ठेवेन. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात, चारचौघांत तुम्ही मला दरडावलं होतंत, "छत्रीवर शिक्का मार. तुझं डोकं लावू नगंस." त्या वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत गेले.

मी कपबशीवर मारला, अण्णा.