जाणाऱ्यांची भिंत

४ ऑगस्ट, घोलवड
आलो एकदाचे! चिकूच्या वाडीत शाळा, मागे स्टाफच्या खोल्या. कारखान्यांतल्या कोरियन, जर्मन साहेबांची मुलं इथं शिकतात. मी त्यांना मराठी शिकवणार. माझ्या भाविनीला तिसरीत प्रवेश, फी माफ. उमेशला मस्कतला फोन लावून सांगितलं, तुझी लेक आता साहेबांच्या मुलांत बसणार. लेक तोवर पलंगावर उड्या मारत होती.

१९ ऑगस्ट
इथली एक पद्धत आहे. साहेबाची बदली झाली की त्याचं मूल जायच्या दिवशी गेरूत हात बुडवून मागच्या भिंतीवर उमटवतं. दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव कमी. आज एका जर्मन मुलाचा निरोप होता. वर्गात सगळ्यांना केक, भाविनीला नाही. स्टाफच्या मुलांचा धरलेला नसतो म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाविनी रडत म्हणाली, मलाही हात उमटवायचाय. गेरू कालवणारी शाळेतली कामवाली, गंजाड गावची शुक्री आडवी आली.

"बाई, ही जाणाऱ्यांची भिंत. राहणाऱ्या पोराचा हात इथं नाय लावत."

म्हटलं, साहेबांच्या पोरांचे हात चालतात आणि माझ्या पोरीच्या हाताने विटाळ होतो का? मी स्वतः तिचा हात धरून गेरूत बुडवला आणि भिंतीवर दाबला. शुक्री गेरूची वाटी घेऊन निघून गेली.

२० ऑगस्ट
हजेरीत भाविनीचं नाव नाही. ऑफिसातला जिग्नेश म्हणतो, अशी कोणी मुलगी शाळेत नाही. अरे, ती माझं बोट धरून तुझ्यासमोर उभी आहे! त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुख्याध्यापकांना मेल टाकला.

२२ ऑगस्ट
मेलला उत्तर नाही. जेवणात तिला ताट नाही, माझ्यातलं भरवलं. ती हाका मारते, एक मूल वळून बघत नाही. ऑफिसात चार खेटे घातले. वीट आलाय नुसता.

२५ ऑगस्ट
उमेशला फोन केला. म्हणाला, भाविनी कोण? मस्करी समजून मी वाट्टेल ते बोलले. तो घाबरला. डॉक्टरला दाखव म्हणाला. ती फोनला तोंड लावून बाबा, बाबा करत होती. त्याला ऐकूच —

२७ ऑगस्ट
घासणीने भिंत घासली. नखं तुटली. तिचा ठसा तसाच, ओला. शुक्रीचे पाय धरले. तिच्याकडे उपाय नाही. एवढंच म्हणाली, आईला आठवतंय तोवर पोर आहे. देवा, कसली अवदसा आठवली मला!

२९ ऑगस्ट
लिहून ठेवते. भाविनी. वय आठ. डाव्या भुवईत तीळ. वरणभातावर तूप लागतं. विसरायचं नाही. सकाळी दूध एकच कप तापवलं. ती समोर बसली होती, आणि मला — जरा वेळ लागला.

३० ऑगस्ट
भाविनी. वय — सात? तीळ —

१ सप्टेंबर
आज बरं वाटतंय. छान झोप लागली होती. फक्त संध्याकाळपासून ही कटकट. कोणाची तरी पोर माझ्या दारावर धडका देतेय, आई, आई करत. शिस्त म्हणून नाही या शाळेत! शेवटी दार उघडून चांगली खडसावली, तर पायांना मिठीच मारली. एकेक बोट सोडवून कडी लावून घेतली. आता ऑफिसला तक्रार लिहिते. पोर सांभाळता येत नाही अशा आईला सरळ — परत दार —