बैठका किती?

सोमवार, ३ नोव्हेंबर

आधी सगळ्यांच्या तब्येती. मुलगा — पाठ बरी आहे म्हणतो, पण बूट घालताना भिंत धरतो. सूनबाई — सर्दी ओसरली, चिडचिड नाही. धाकटी नात, दुसरीतली — एक गुडघा फुटलेला, दुसरा फुटायच्या तयारीत, म्हणजे ठणठणीत! थोरली, दहावीतली — मान धरलीय. डॉक्टर म्हणाले, "औषध कसलं देऊ? उठून हिंडू दे तिला." पंधरा वर्षांची पोर आणि दुखणं माझ्या वयाचं! माझं म्हणाल तर — माझ्या गुडघ्यांचं मी कुणाला सांगत नाही.

एकाच घरात दोघी. एकीला बसवता येत नाही, दुसरीला उठवता येत नाही.

शाळेत आज भलतंच गळ्यात पडलं. खेळाचे सर पाय मोडून घरी. फोनमध्ये बघत जिना उतरत होते — खेळाचे सर! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. "मावशी, वरच्या ऑफिसातून मुलांची पाहणी आलीय. दुसरी ते दहावी. वर्गावर्गात जाऊन फॉर्म भरायचे. सर नाहीत, तुम्हीच करा." म्हटलं, मी खेळसामानाच्या खोलीची बाई. निवृत्त झाल्यावरही ठेवलंय ते कुठली दोरी कुठल्या खिळ्याला आहे हे दुसऱ्या कुणाला सापडत नाही म्हणून. फॉर्म मला कुठून जमणार? "सूचनांचा कागद सरांच्या घरी राहिलाय, पण सोपं आहे हो!"

सोपं आहे म्हणणाऱ्याला स्वतःला ते कधी करायचं नसतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तीनच प्रश्न. चालत येता का? रोज किती मिनिटं खेळता? आणि तिसरा — बैठका : रोज किती?

तिसरा वाचून जीव हरखला. कुणीतरी शहाणं माणूस आहे म्हणायचं तिकडे! मांड्यांत बळ आलं की सगळं येतं, हे मी तीस वर्षं ओरडतेय.

दुसरीत गेले. "बैठका किती मारता रे?" झालं! "पन्नास!" "शंभर!" "मी हजार!" म्हटलं, हजारवाल्या, मारून दाखव. सगळा वर्ग उठला. खाली-वर, खाली-वर, बाकं हलली, फळ्यावरचा डस्टर पडला. आमची धाकटी बावीस मारून आडवी झाली, तरी मोजतेच आहे. वर्गशिक्षिका दारात. "मावशी, पाहणी आहे की धिंगाणा?"

सरासरी वीस लिहिली. मुलांचे आकडे मुलांसारखेच धरायचे असतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दहावी. मेल्याहून मेल्यासारखी मुलं! दार उघडलं तर मान वर करायचेसुद्धा कष्ट. "बैठका किती मारता?" मागच्या बाकावरचा एक टगा — "मावशी, आमची एकच बैठक. सकाळी सातला बसतो ते रात्री अकराला उठतो!" वर्ग हसला. मीही हसले, पण म्हटलं, "जीभ तेवढी चालते तुमची. मांड्या चालवा." मुली खाली बघत होत्या. थोरली तर मला ओळखत नसल्यासारखी.

नववी शून्य. दहावी शून्य. ठसठशीत लिहिलं. कळू दे वरच्यांना, मुलं कशी गंजलीत ते. फॉर्म कारकुनाकडे दिले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आग लागो त्या पाहणीला!

सूचनाफलकावर कागद लागलाय. "पाहणीनुसार खालच्या वर्गांत बैठकांचे प्रमाण चिंताजनक असून, नववी-दहावीत ते शून्य आढळले आहे. सबब १ डिसेंबरपासून नववी-दहावीचा खेळाचा तास खालच्या वर्गांना देण्यात येईल. त्या वेळेत नववी-दहावीला गणिताचा जादा तास."

तीनदा वाचला. जो हलत नाही त्याचा खेळ काढायचा, आणि जो हजार बैठका मारतो त्याची चिंता करायची? डोळे आहेत की बटणं? आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं — दहावीच्या मुलांना तेवढंच तर मोकळं आभाळ होतं. थोरलीची मान आता काय वहीतच रुजायची?

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "वर्ष महत्त्वाचं आहे, आई." सूनबाई म्हणाली, "गणिताला मदतच होईल." थोरलीनं वही पुढे ओढली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिवसभर ज्याला त्याला बोलले. कारकून, शिपाई, गणिताच्या बाई — कुणी सुटलं नाही. कारकून म्हणतो, "मावशी, आकडे तुमचेच आहेत." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

रविवार, २३ नोव्हेंबर

सरांना बघायला गेले. पाय उशीवर, उशी खुर्चीवर, आणि हातात — फोन. पाहणीचं नाव काढलं तसा त्यांनी उशीखालून सूचनांचा कागद काढून दिला. बारीक अक्षर. मी चाळिशीत अक्षरं शिकले, तीही सामानाच्या खोक्यांवरची, मोठाली. चष्मा पुसून वाचलं.

"बैठक : सलग तीस मिनिटांहून अधिक काळ बसून राहणे."

पुन्हा वाचलं.

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग हसले ते असे, की प्लास्टर खुर्चीवर ठकठक वाजायला लागलं. "बैठका *मारता* विचारलंत? मावशी!! दुसरीची पोरं दिवसातून वीस वेळा ठाण मांडून बसतात, आणि दहावीची बसतच नाहीत — असं गेलं की हो वर!"

त्यांच्या बायकोनं चहा दिला. तो तसाच निवला. पाच दिवस जगाच्या नावानं शिमगा केला, आणि घोडचूक माझीच. मारता. एक शब्द मी माझ्या पदरचा घातला, आणि दोन इयत्तांचं मैदान गेलं. त्या टग्यानं तर खरं तेच सांगितलं होतं! त्यालाच मी वेड्यात काढलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मोठ्या बाईंपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. म्हटलं, चूक माझी आहे, मला काय बोलायचं ते बोला, पण तास परत द्या.

त्या पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. "मावशी, वेळापत्रक छापून झालं. पालक खूश आहेत. गेल्या वर्षापासून मागे लागले होते."

"पण बाई, आकडा खोटा आहे."

"खोटा आहे, पण सोयीचा आहे." मग जरा मवाळ झाल्या. "तुमचा हेतू चांगला होता हो. आता उकरून काढू नका."

हेतू चांगला! हेतूनं कुणाची मान सुटते का?

बुधवार, २६ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत पुन्हा फिरले, माझी वही घेऊन. या वेळी नीट विचारलं — सकाळपासून झोपेपर्यंत बसलेले तास किती? दुसरी : साडेपाच, तेही ओरडून बसवलेले. सहावी : आठ. दहावी : तेरा! एकानं चौदा सांगितले. तो मागच्या बाकावरचाच टगा. म्हणाला, "मावशी, आता तरी माझं लिहून घ्या." लिहिलं बाबा. कान धरले मनातल्या मनात.

पाहणीच्या ऑफिसला पत्र लिहायला घेतलंय. तिसरा कागद फुकट गेला. दोन वेळा 'बैठक' हाच शब्द चुकला.

थोरलीला म्हटलं, शुद्धलेखन बघ. वाचलं तिनं. "नको पाठवूस, आजी."

"का गं? मला हसतील म्हणून?"

"नको पाठवूस."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज तिला गाठलंच. कपडे वाळत घालताना. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, म्हणजे पळता येईना.

"आजी, आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"तुझ्या हातातल्या फॉर्मच्या वरच होतं, जाड अक्षरात. बैठ्या सवयींची पाहणी. तू 'मारता' म्हणालीस. आम्ही मुली गप्प बसलो. मग तास गेल्याचं कळलं, तेव्हा बरंच वाटलं."

"बरं वाटलं? अगं, खेळाचा तास—"

"कसला खेळ? चाळीस मिनिटं कठड्यावर बसायचं, उन्हात. त्यापेक्षा वर्गात पंखा तरी आहे."

"मग खेळा ना! कुणी धरलंय?"

चादर पिळतच बोलली, माझ्याकडे न बघता. "तू खोली उघडतेस. जो पळत पहिला येतो त्याला चेंडू देतेस. मुलगे पहिले येतात. उरतं काय? तुटकी दोरी. सहावीत आम्ही येत होतो, आजी. मीसुद्धा. तेव्हा तूच म्हणायचीस — 'दमलात गं पोरींनो, चेहरे बघा लाल झालेत, सावलीत बसा.' रोज म्हणायचीस. पाणी द्यायचीस, आणि बसवायचीस. मग बसलो."

मायेनं म्हणत होते गं.

तेही बोलले मी तिला. तर म्हणते, "माहितीय. म्हणून तर 'नको' म्हणता आलं नाही."

चादर तशीच दोरीवर टाकली, सुरकुत्यांसकट.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ऑफिसचं पत्र टाकलं, माझी चूक माझ्या नावावर लिहून. दुसरी चिठ्ठी नववी-दहावीच्या मुलींसाठी, दहावीच्या वर्गप्रमुख मुलीच्या हातात दिली —

"पोरींनो, चार वर्षं मी तुम्हाला बसवलं. सोमवारी तास जातोय. तो हवा असेल तर लिहा, आणि चेंडू कसे वाटायचे तेही लिहा. नको असेल तर तेही लिहा. मला वाईट वाटेल म्हणून गोड लिहू नका. मी खोलीतच आहे. उत्तर लवकर द्या, आजच."