खरवडलेला शेंदूर

प्रिय दादा,

हाताला शेंदूर लागला आहे, म्हणून पेनाला चिंधी गुंडाळून लिहितो आहे. गाडीच्या इंजिनाला तो आत्ताच लावला. वाळेपर्यंत, म्हणजे परवा सकाळपर्यंत, गाडी सुरू करायच्या हँडलला हात लावायचा नाही असं वहिनींनी बजावलं आहे. दहा महिने रोज संध्याकाळी मी त्या गाडीशी भांडत होतो. आज भांडायलाही कुणी नाही. आणि जे कळलं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

परवा तुझं वर्षश्राद्ध. ते आळंदीला करायचं आणि तुझ्याच गाडीतून जायचं, एवढी एकच गोष्ट वहिनींनी वर्षभरात मागितली. गाडी सुरू झाली नाही, तर चाकणचे बाबूराव तिचं इंजिन काढून पिठाच्या गिरणीला लावणार. तसा शब्द वहिनींनीच त्यांना दिला आहे. "भाऊजी, दारात उभी राहून गंजण्यापेक्षा कुणाचं दळण तरी निघेल," म्हणाल्या.

तुला ही गाडी एका हँडलात सुरू व्हायची. चिंचवड स्टेशनवर उतारू उतरले की तू अर्धा फेरा देऊन बाजूला व्हायचास, आणि ती मांजरासारखी गुरगुरत उभी राहायची. रेस न देता, एकटी. मी तिचं काय करून ठेवलं?

माझ्या हातात ती वीस फेऱ्यांत एकदा पेटे. रेस दाबून धरली की ठणठणीत पळे. पाय उचलला की दोनदा खोकून बंद. मग पुन्हा हँडल. एकदा हँडल उलटं फिरलं आणि मनगट सुजलं. आठ दिवस शाळेत फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं.

मी शास्त्राचा मास्तर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि डायरीत टिपायची, हा माझा शिरस्ता. प्लग काढून घासले. पॉइंट पाहिले. ठिणगी वेळेवर पडते का ते तपासलं. कार्बोरेटर चार वेळा उघडला, जेट फुंकून साफ केला, पेट्रोल मलमलीतून गाळलं. पुण्याहून पुस्तक आणून त्यातला प्रत्येक उपाय केला. प्रत्येक भाग निर्दोष ठरत गेला आणि गाडी बंदच राहिली. एका संध्याकाळी मी तिला लाथ मारली, दादा. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी लाज वाटली.

बाबूराव अधूनमधून येऊन मडगार्डवर हात ठेवून उभे राहायचे.

"मास्तर, इंजिन हाय का खुडूक कोंबडी? उठाया तयारच न्हाई."

"होईल सुरू."

"आवं, तुमचे दादा व्हते तवर ती गाडी व्हती. आता निस्तं लोखंड हाय. माझ्या गिरणीत तरी फिरंल."

त्यावर मी काय म्हणालो ते तुला सांगायलाच हवं. मी म्हणालो, "दादाने काहीतरी जुगाड करून ती ओढत आणली होती. आतून पार वाट लावून ठेवली आहे." वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हेच मी पुढे शेजारी बोललो, शाळेत बोललो. तू उत्तर द्यायला नव्हतास, म्हणून का इतकं सोपं गेलं?

आज दुपारी वहिनी पहिल्यांदा बॉनेटपाशी आल्या. आधी का आल्या नाहीत? कारण एकदा त्या काही सांगू पाहत होत्या, तेव्हा मी म्हणालो होतो, "वहिनी, तुम्ही आत बसा, हे तुमचं काम नव्हे." आज त्या वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथला शेंदूर कुठं गेला?"

"खरवडला मी. मागच्या खंडेनवमीला."

"का?"

"पूजेचा थर होता तो. तेलकट, वर्षानुवर्षांचा."

"पूजेचा?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "भाऊजी, पूजेचं कुंकू मी बॉनेटला लावते. आत कोण लावतं? लढाईच्या काळात चाकणच्या रस्त्यावर ही नळी चिरली. नवी मिळेना. मग ह्यांनी सुतळी गुंडाळली आणि मी मारुतीचा शेंदूर जवसाच्या तेलात मळून दिला. दर दोन वर्षांनी देत होते."

मी आत जाऊन डायरी उघडली. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'आज पूजेसाठी इंजिन स्वच्छ केले. दादाची अंधश्रद्धा चाकूने खरवडून काढली.'

त्याच्या महिनाभर आधी तुझ्या अस्थी घेऊन मी हीच गाडी आळंदीला नेली होती. एका हँडलात सुरू झाली होती. तीही नोंद आहे. दोन्ही नोंदींमध्ये तीन पानं आहेत, दादा. गेल्या दहा महिन्यांत मी ती पानं एकदाही उलटली नाहीत. सगळ्यांवर संशय घेतला. माझा हात तेवढा तपासायचा राहिला.

कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीला चीर असली की तिथून फुकटची हवा शिरते आणि रेस सोडली की गाडी मरते. हे पुस्तकातही आहे. मी वाचलं होतं. चीर जिथे आहे तिकडे वाकून पाहिलं नाही, इतकंच.

मी ओलं फडकं त्या चिरेवर घट्ट गुंडाळलं आणि हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला पेटली. आत बसून रेस दिली. पाय उचलला. बंद पडली नाही. जेमतेम मिनिटभर एकटी गुरगुरली, मग फडकं सुटलं आणि थांबली. वहिनी पळी हातात धरून उभ्या होत्या. "हाच आवाज," म्हणाल्या आणि शेंदूर मळायला आत गेल्या.

तुझ्यावर एक राग मात्र आहे. 'तू पुस्तक वाच, गाडी मी बघतो,' असं जन्मभर म्हणालास. एकदा तरी बॉनेट उघडून मला दाखवलं असतंस तर? पण तू दाखवलं असतंस तर मी पाहिलं असतं का, हेही खात्रीने सांगवत नाही.

परवा लेप धरेल की नाही, ठाऊक नाही. बाबूराव सकाळीच येणार आहेत, इंजिन तरी न्यायला, नाहीतर आमच्याबरोबर आळंदीला यायला. गाडी सुरू होवो न होवो, हँडल मारण्याआधी त्यांच्यासमोर आणि वहिनींसमोर सांगेन की ही गाडी दादाने नाही, मी बिघडवली. शाळेत आणि शेजारीही सांगेन. आणि यापुढे तुझ्या हातच्या कशावरही, वहिनींना विचारल्याशिवाय, चाकू लावणार नाही.

तुझा, हात अजून न धुतलेला,
माधव