उजव्या हातातल्या बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ

रिसोडच्या दवाखान्यात कंपवाताची थरथर मोजणारा पट्टा रुग्णांनाच विचारून बनवतायत, म्हणून आज हिला घेऊन तिथं गेलो. पट्टा बनवणाऱ्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, कुठं बांधलेला बरा वाटेल?"

हिला बोलायला वेळ लागतो. मीच बोललो, "मनगटावर." वरून हिला म्हणालो, "बांगड्या काढ नं." सगळ्यांसमोर. तिनं उजव्या हातातल्या काढल्या. मी खिशात टाकल्या.

जीपमध्ये म्हणाली, "दंडावर बांधा म्हनत होती मी. तुमी बसले असतानी भुंडा हात कायले?"

विचारलं तिला होतं. मला काय घाई होती?

आत्ता चहा घेऊन आली. उजवा हात थरथरत होता, पण आवाज नव्हता. मी कप घ्यायला वाकलो, आणि बांगड्या माझ्या खिशात वाजल्या.