पूर्वजांचे मेज त्येशानला देऊ नये

मी, ख्व रुईझेन, वय एकोणऐंशी, राहणार शीबान गाव, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. ते ठिकाणावर नव्हते असे माझा मुलगा त्येशान सांगत फिरेल. म्हणून आज सकाळीच वैद्यांकडून तपासून घेतले आहे.

दोन खोल्या व अंगण त्येशानला. नवऱ्याची सुतारकामाची हत्यारे मुलगी सूयिंगला. रंधा सापडला नाही तर आधी त्येशानच्या घरी पाहावे.

पूर्वजांच्या नावाच्या पाट्या ज्यावर मांडतो, ते लांब मेज मात्र त्येशानला देऊ नये. यंदा पितरांच्या सणाला तो एकाला घेऊन आला. म्हणाला, "आई, मित्र आहे, नमस्कार करायला आलाय." मित्राने उदबत्ती लावली नाही, मेजाखाली वाकून कोरीवकामावरून नख फिरवले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येते तो पाट्या टोपलीत, मेज दाराशी, मित्र हजर, आणि मेजावर माझी धाकटी जाऊ आम्येन ठाण मांडून बसलेली.

"काकू, उतरा!" त्येशान ओरडत होता.

"मलाही विकून टाक की! मीही जुनीच आहे."

या जावेशी मी तीस वर्षे बोलले नव्हते. सहासष्ट साली देवधर्म मोडायला निघालेले पोरांचे टोळके आमच्या घरात शिरले, थेट माळ्यावर चढले आणि लपवलेला कोरीव देव्हारा त्यांनी अंगणात जाळला. माळ्याचे घरातल्या चौघांनाच ठाऊक होते. चुगली आम्येनचीच, हे मी धरून चालले.

मित्र हात हलवत गेल्यावर मी तिला विचारले, "एवढी माया होती, तर तेव्हा सांगितलंस कशाला?"

"मी नाही, जाऊबाई. भाऊजींनीच सांगितलं. काहीतरी जाळल्याशिवाय ती पोरं हलणार नव्हती. देव्हारा दिला, म्हणून खुराड्याखाली लपवलेलं मेज वाचलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तुम्ही विचारलंत कधी?"

खरे असेल. खोटेही असेल, मेलेला माणूस साक्षीला येत नाही. तरी मेज आम्येनला द्यावे. अमावास्या-पौर्णिमेची उदबत्ती तिने लावावी. मेजाला मी एक खूण केली आहे. कुठे, ते फक्त सूयिंगला ठाऊक. बदलाबदल करू नये.

माझ्या नावाची पाटी नवऱ्याच्या पाटीला खेटून ठेवावी. मधे काही ठेवू नये. मला त्यांना विचारायचे आहे.

साक्षीदार वैद्य फांग च्येनशुन व निवृत्त शिक्षक च्यू बोवेन यांनी सगळे वाचून, माझ्यादेखत, माझ्याच पेनाने सह्या केल्या.

ख्व रुईझेन (सही व अंगठाही)
शीबान, ९ ऑक्टोबर १९९६