करंजघाटची वेठ

२२ नोव्हेंबर २००४, सोमवार

आले बाई एकदाची! अंबरनाथहून बदलापूर म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण रिक्षात माझ्या बॅगा चढवताना महेंद्रने असा चेहरा केला होता की जणू मी कायमची सासरी निघाले आहे. सासरी नाही रे, वाघाकडे चालले, असं म्हटल्यावर कुठे हसला. धाकटा भाऊ असून सारखा थोरल्यासारखा वागतो. जानेवारीत लग्न आहे त्याचं, मग बायकोवर कर म्हणावं दादागिरी.

शिरगावात जिकडेतिकडे नव्या बिल्डिंगी उठतायत आणि त्यांच्या मागे, डोंगराच्या अंगाला, हिंदुरावांचा बैठा बंगला. फाटकावर पाटी आहे, 'करंजघाट निवास'. करंजघाट हे यांच्या आजोबांचं संस्थान. इंग्रजांच्या काळात असली चिमुकली संस्थानं पैशाला पासरी होती. हिंदुराव स्वतःच सांगतात, सकाळी घोडा दामटला की न्याहारीच्या आत हद्द संपायची. ऐंशीच्या घरातला माणूस, पण ताठ, आणि बोलायला साखर. घरात ते आणि म्हातारा नोकर सोमा, एवढेच. सोमा त्यांना 'सरकार' म्हणतो. मीही म्हणून टाकलं, आपलं काय जातंय.

काम झकास आहे. एक पेंढा भरलेला वाघ, काही सांबरांची मुंडकी आणि खरूज झाल्यासारखं दिसणारं एक अस्वल. सगळ्यांची डागडुजी करायची. जुन्या शिकारीचे कागद आहेत, पण कायद्याने वस्तू घराबाहेर नेता येत नाही, म्हणून मला महिनाभर इथेच खोली दिली आहे. खिडकीतून व्हरांडा आणि फाटक दोन्ही दिसतं. बाबा मुंबईच्या संग्रहालयात जन्मभर पक्षी-प्राण्यांत पेंढा भरत राहिले, मी त्यांच्याकडेच शिकले. हिंदुरावांनी आल्या आल्या विचारलं, रामभाऊंचीच मुलगी ना? बाबांचं नाव अजून चालतं हे ऐकून ऊर भरून आला.

एक गंमत. व्हरांड्यात डोंगराकडे तोंड करून एक वेताची खुर्ची मांडलेली असते. तीत कुणी बसत नाही. हिंदुराव शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून चहा पितात. मी टेकायला गेले तर सोमाने माझा दंडच धरला. ती एजंटसाहेबाची म्हणे. संस्थानिकांवर नजर ठेवायला इंग्रजांनी नेमलेला गोरा अधिकारी, तो आला की राजाने त्याच्याहून खाली बसायचं असा दस्तूर होता. साहेब जाऊन जमाना झाला, हे अजून स्टुलावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ कधीच गेलाय, वाक तेवढा उरलाय.

२४ नोव्हेंबर, बुधवार

वाघाचं पोट उसवलं. आत भाताचा पेंढा आणि उंदरांचा संसार. पण पुढचा उजवा पंजा वेगळाच निघाला. त्याची शिवण बाकीच्या अंगासारखी नाही, पुन्हा पुन्हा उसवून शिवलेली. ओढला तर सरळ हातात आला. आतून पोकळ, आणि आत एक लाकडी मूठ, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी हात घातला तर मापाचा शिवल्यासारखा बसला. तसाच उगारून सोमाला घाबरवायला गेले. तो हसला नाही. खाली मान घालून स्वयंपाकघरात निघून गेला.

संध्याकाळी हिंदुरावांनी शिकारीच्या गोष्टी सांगितल्या. मोठ्या संस्थानिकांना तोफांची सलामी असे, करंजघाटला एकही तोफ नव्हती. मग एजंटसाहेबाची मर्जी राखायची कशी? वाघ देऊन. हिवाळ्यात साहेब यायचा. गावंच्या गावं वेठीला धरून हाका घालायला रानात उतरवायची, ढोल वाजवत वाघ मचाणाकडे आणायचा, आणि साहेबाची गोळी कधी चुकत नाही असं सगळ्यांनी मानायचं. मी विचारलं, पण एखाद्या हाकाऱ्यालाच लागली तर? हिंदुराव बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, तर त्याला वाघाने मारला. प्रेत बघून कुणालाही पटायचं.

तो पंजा कशासाठी होता ते माझ्या लक्षात आलं. 

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चहा ओतत होते. फटाका फुटल्यासारखा आवाज आला. त्यानंतर मला आठवते ती गर्दी, आणि गर्दीत उभी असलेली मी.

आनंदा गेला. तो डोंगराच्या उतारावर गवत कापायचा, या घरी दूध घालायचा. पायवाटेवर उताणा पडला होता, विळा अजून मुठीत. गळ्यापासून छातीपर्यंत मांस उलगडून निघालं होतं, बरगड्या दिसत होत्या. बिबट्या, बिबट्या, असा एकच गलका. पण कातडीतलं मला कळतं. जिवंत अंगावर ओरखडा उठला की कडा रक्ताने भरतात, या कडा कोरड्या होत्या. म्हणजे पंजा बसला तो मेल्यावर. शिवाय नख्यांमधलं अंतर बिबट्याचं नव्हे, आणि दाताची एकही खूण नाही. छातीच्या मधोमध, फाटलेल्या मांसाखाली, एक गोल भोक होतं. मी हे वनखात्याच्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?

घरी आले. पंजा टेबलावर होता, जिथे ठेवला होता तिथेच. ओला होता. माझ्या उजव्या हाताच्या नखांत रक्त होतं. चहा कपात गार झालेला.

घासून घासून हात धुतले. देवाशपथ मी काही केलं नाही. बघा, देवाशपथ कोण म्हणतंय! आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला त्याच दिवशी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले.

२८ नोव्हेंबर, रविवार

महेंद्र येऊन गेला. उल्हासनगरहून माझ्यासाठी दाल पकवान घेऊन आला होता. तो आला की घरात उजेड पडतो, पण त्याला हे कधी सांगणार नाही, चढून बसेल. आनंदाचं सांगितलं. ज्यांनी प्रेत उघडून पाहिलं त्यांनाही गोळी कुठेच सापडली नाही, हेही सांगितलं. नखांचं मात्र सांगितलं नाही. तो म्हणाला, तायडे, बॅग भर, निघू. मी म्हटलं वाघाचं पोट उघडं आहे, अर्धवट काम टाकणं बाबांना खपलं नसतं. शेवटी ठरलं, पुढच्या रविवारी तो न्यायला येईल, आणि सोमवारी सहा डिसेंबर, दरवर्षीप्रमाणे दोघं दादरला चैत्यभूमीवर जाऊ.

निघताना हिंदुरावांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. घराण्याचा हात आहे, म्हणाले. महेंद्र बाहेर येऊन म्हणतो, म्हातारा जरा सटकलाय.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सोमाला मारला. माझ्या डोळ्यांदेखत, भर उन्हात.

त्याने सकाळी येऊन सांगितलं, "ताई, पळ. तुला वाघ शिवाया नाय आणलेली. तुज्या घराची वेठ हाय, म्हून आणली." फाटक उघडून देतो म्हणाला आणि अंगणात उतरला. मी बॅग घेऊन मागे.

हिंदुराव स्टुलावर, हात मांडीवर. बंदूक खुर्चीच्या हाताला टेकवलेली. कुणी शिवलं नाही तिला. ती उचलली गेली. हवेत, खांद्याच्या उंचीवर, स्थिर झाली. खुर्चीचं वेत करकरलं.

सोमाचा जबडाच उडाला. तो लगेच मेला नाही. जमिनीवर टाचा घासत राहिला, माझ्याकडे बघत. हिंदुराव उठले, रिकाम्या खुर्चीपुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "गुड शॉट, सर."

मग माझा हात. या वेळी मी शुद्धीत होते. पाय आपोआप खोलीकडे गेले, हात पंज्यात शिरला, मूठ वळली. मी ओरडत होते आणि हात त्याचं काम करत होता. तोंडावर, गळ्यावर, छातीवर, जखम दिसेनाशी होईपर्यंत. नख्या बरगडीला अडकल्या की हात हिसका देऊन सोडवायचा. त्याला ते येत होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळे बिबट्या म्हणत होते. हवालदारापुढे मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडातून निघालं, बिबट्या.

२ डिसेंबर, गुरुवार

पंजा उल्हास नदीत फेकला. बुडताना पाहिला. तशीच स्टेशनवर गेले. बाकावर बसले होते एवढं आठवतं. मग माझं टेबल, हातात सुई. पंजा वाघाला शिवलेला, ओलाचिंब. टाका माझाच. बाबांनी शिकवलेली गाठ.

बदलापूरबाहेर जाता येत नाही. एवढीशी हद्द. इथेही हद्द आहे.

हिंदुराव म्हणाले साहेबांचा मुक्काम संपलेला नाही. अजून एक शिकार व्हायची आहे. मग म्हणाले, रविवारी तुझा भाऊ येतोय ना?

महेंद्रला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. आवाज कापत होता माझा, तिथेच चुकलं. "तायडे, आता तर येणारच," म्हणाला. ठेवला. पुन्हा लागत नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

विहारात गेले. तिथे कौसाबाई म्हणून एक म्हातारी भेटली. माहेर करंजघाटचं तिचं. माझ्या आजोबांचं नाव विचारलं आणि माझा उजवा हात हातात घेऊन रडायला लागली. म्हणाली, "तुजा पणजा मारायचा पंजा. हौसंनं न्हाई बाय, वेठ व्हती त्याची. आपल्याच मान्सांच्या मढ्यावर." पंजा मारणारा हजर असल्याशिवाय साहेब बंदूक उचलायचा नाही. मेलेला माणूस वाघाचा ठरला पाहिजे ना. नाहीतर खून ठरतो.

आजोबांनी देव टाकले, त्याच दिवशी वेठही टाकली होती. घरात कधी नावही काढलं नाही. सरकार मात्र विसरले नाहीत.

पणजोबांनी शेवटी काय केलं, विचारलं. कोयत्याने स्वतःचा हात तोडला.

झालं. हेच हवं होतं मला. हात नाही तर पंजा नाही. पंजा नाही तर गोळी नाही. महेंद्र वाचतो. मी पळतच निघाले. म्हातारी मागून काहीतरी ओरडत होती, मी थांबले नाही.

४ डिसेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहिते. वाकडंतिकडं येतंय.

दुपारी. पाट्यावर उजवा हात ठेवला. वरवंटा डाव्यात. पहिल्या घावाला बोटं गेली. हात मागे ओढायला लागला — आपणहून — गुडघ्याने दाबून धरला. मनगट मोडेस्तोवर थांबले नाही. हाडं वाजतात. पातळ काचेसारखी.

ओकले. शुद्ध गेली. आली तेव्हा हाताचा नुसता चेंदा. बोट कुठलं ते कळत नाही.

हसू येतंय. बस आता खुर्चीत. काय मारतोस बघू.

५ डिसेंबर, रविवार

सकाळ. ताप आहे. दार बाहेरून लावलंय. खिडकी आहे, गजांतून दिसतं.

हिंदुराव हात बघून गेले. रागावले नाहीत. पणज्यावर गेलीस म्हणाले. वाघाचा पंजा उसवून घेऊन गेले. कशाला —

रिक्षा थांबली.

महेंद्र फाटकात. निळा शर्ट. पळ म्हणून ओरडले — त्याने हात हलवला. तायडे, आलो.

बंदूक खुर्चीला टेकलेली. हलली नाही. तो अंगण ओलांडतोय. हलत नाही. पायरीपाशी आला — नाही सुटली गोळी. वाचला. वाचला माझा —

हिंदुराव पुढे झाले. त्याचा हात धरलाय. उजवा. दोन्ही हातांत, त्या दिवशीसारखा.

कौसाबाई काय ओरडत होती ते आत्ता कळतंय. ऐकू आलं होतं मला, मी घेतलंच नाही. "तुज्या पणज्याला धाकला भाव व्हता गं —"

महेंद्रच्या हातात पंजा. मनगटापर्यंत बसला. मापाचा.

मी हाका मारते. तो बघतोय माझ्याकडे. ओळखतोय. डोळ्यांतून पाणी — हात मात्र वर, तयार, वाट बघत —

खुर्ची. तिचं तोंड डोंगराकडे असतं नेहमी.

वळली. खिडकीकडे.

वेत करकरलं —

महेंद्र, रडू नकोस रे. उद्या दादरला जा. मला बिबट्याने मारलं म्हण. कुणी विचारलं तरी — यात तुझा काही दो