गार किटलीतला वारा

चि. मिओरी,

काल चहाघरात सहा परदेशी पाहुणे आले होते, पाऊण तास शांतता अनुभवायला. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, "डोळे मिटा आणि किटली ऐका. या आवाजाला आम्ही पाइनच्या रानातला वारा म्हणतो." हाताखालच्या आपल्या फुमियोने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. सगळे डोळे मिटून बसले. एका बाईंच्या गालावर तर पाणी ओघळलं. मग मी झाकण उचललं, तर वाफच नाही. निखारे कधीच विझले होते.

पाहुणे गेल्यावर फुमियो माझ्यासमोर बसली, ओठ नीट दिसतील अशी. वर्षभर ती अशीच बोलते.

"बाई, गार पाणी ऐकायला लावलंत. आणि मेल्यांनी ऐकलंसुद्धा."

ती हसली. मला हसू आलं नाही. तो वारा मी शेवटचा कधी ऐकला, तेच आठवेना.

तू फुमियोला फोनवर म्हणतेस म्हणे, आई अजून रागावलीय, माझा फोन उचलत नाही. अगं, फोन वाजलेला मला कळतच नाही. पण हे तुला कळलं तर तू चहाघराला कुलूप लावून मला ओसाकाला नेशील. त्यापेक्षा राग बरा.

हा कागद उद्या किटलीखाली पेटवायला घेईन.

तुझी रागावलेली
आई